तिसऱ्यावरून दुसऱ्यावर

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी ब्रेकबाईंनी आपल्या पायाखालची दोन्ही पेडलं एकेकदा दाबून पाहिली. क्लच बरोबर, ब्रेक बरोबर. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढेही ही दोन पेडलं बसवलेली असतात. मग त्यांनी हात लांब करून गिअरच्या दांड्याशेजारचं एक छोटं बटण बोटाच्या पेराने दाबलं. बघून नाही, सवयीने. इंजिन सुरू झालं की गेली तीन वर्षं त्या हे बटण दाबत होत्या, घराबाहेर पडताना कुलूप ओढून पाहावं तसं.

“चल,” त्या म्हणाल्या. “शेवटचा दिवस. घाई नको नि रडारड नको.”

“रडायला वेळ कुठंय बाई, आठला ड्यूटी आहे,” स्टिअरिंगवरची नर्स म्हणाली.

ब्रेकबाई हे नाव शिकाऊंनी ठेवलेलं आणि पाठीमागे वापरायचं. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. वय चौपन्न, त्यातली सत्तावीस वर्षं शेजारच्या सीटवर गेलेली. तोंड उघडण्याआधी ब्रेक मारतात, अशी त्यांची ख्याती आहे. दुसरी ख्याती अशी की त्या शिकणाऱ्याच्या पायांकडे कधी बघत नाहीत. “पायाकडे बघणारा मास्तर झाडात जातो,” असं त्या सांगतात. त्या रस्त्याकडे बघतात आणि इंजिन ऐकतात. पायाने काय केलं ते कानाला कळतं.

नर्स एकोणतीस वर्षांची. गाडी शिकायची तिला कधी हौस नव्हती, गरज पडली. रुग्णालयाच्या व्हॅनचा ड्रायव्हर मनगट मोडून घरी बसला होता. वीस वर्षांत त्याने व्हॅनला ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि पडला तो उभ्या व्हॅनच्या पायरीवरून. तेव्हापासून व्हॅन उभीच होती आणि टेकडीवरच्या छोट्या दवाखान्यात लशी गेल्या नव्हत्या. वर चाळीस पोरं लशीसाठी खोळंबली होती. ही ड्यूटी घेणाऱ्या नर्सची नोकरी कायम होणार होती. तिने हात वर केला, सोळा दिवस रोज सकाळी शिकली आणि परवा परीक्षाही पास झाली. परीक्षा सपाट मैदानात होते. उद्यापासून तिला सव्वासातला लशींची पेटी घेऊन वर जायचं होतं आणि दुपारी रक्ताच्या नमुन्यांची पेटी घेऊन खाली यायचं होतं. अकरा किलोमीटर, सात वळणं.

खाली येणं हाच सगळा प्रश्न. उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापतात आणि ऐकेनासे होतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यायची. पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना चाकांचा वेग तोच राहतो आणि इंजिनाला मात्र एकदम जास्त फेरे घ्यावे लागतात. ते फेरे ड्रायव्हरने द्यायचे. क्लच दाबलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरला हलका धक्का द्यायचा, ज्याला सगळे रेस देणं म्हणतात, आणि मग क्लच सोडायचा. रेस बरोबर असेल तर आत बसलेल्याला गिअर बदलल्याचं कळतही नाही. नसेल आणि क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाला वेगात आणायचं काम चाकांवर पडतं आणि गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी अडते. सपाट कोरड्या रस्त्यावर नुसती मान हलते. ओल्या उतारावर, वळणात, चाकं रस्ता सोडतात.

तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या शिकाऊ गाडीत हे काम गाडीच करू शकते. पुस्तिकेत त्याला ऑटोमॅटिक रेव्ह मॅचिंग म्हटलं आहे; बाई त्याला ‘आपोआप रेस’ म्हणतात. दांडा कुठल्या गिअरकडे चालला आहे हे गाडी ओळखते, किती फेरे लागतील ते मोजते आणि ड्रायव्हरचा पाय पोचायच्या आत रेस देऊन मोकळी होते. सोय चांगली आहे, हे बाई स्वतः सांगतात. फक्त शिकताना नको. शिकून गेल्यावर हाती पडणारी गाडी मामाची असते, दुकानाची असते, नाहीतर रुग्णालयाची. ती आपोआप काहीही करत नाही. त्यासाठी ते बटण. इंजिन सुरू होताना सोय चालू असते. दाबलं की बंद.

त्या सकाळी त्या दोघी पाण्याच्या टाकीचा उतार चार वेळा उतरल्या. चारही वेळा इंजिनाचा आवाज वेळेवर चढला, क्लच सुटला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी दुसऱ्यात आली. बाईंनी एकदाही ब्रेक मारला नाही.

“पाय चांगला आहे तुझा,” रुग्णालयाच्या फाटकाशी त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या वर्षातून दोनदा वापरतात. “आमच्याकडे येणाऱ्या बापयांना वर्षभर जमत नाही हे.”

“नवऱ्याला सांगते. तो म्हणतो, तुझ्या हातात तर सायकलसुद्धा देऊ नये.”

“त्याला आण एकदा. बघू त्याचा पाय.”

नर्स हसत उतरली. बाईंच्या पर्समध्ये रुग्णालयाचा एक छापील कागद होता: अमुक व्यक्ती उताराच्या रस्त्यावर वाहन चालवण्यास योग्य आहे. त्यावर त्यांनी आदल्या संध्याकाळीच सही केली होती. तो पाच वाजेपर्यंत कार्यालयात द्यायचा होता.

सात वाजून एकावन्न मिनिटांनी त्या स्टिअरिंगवर बसल्या. एरवी धडे ऑफिसपाशीच संपतात; स्वतः गाडी चालवायची वेळ महिन्याभरात आली नव्हती. इंजिन सुरू केलं, पेराने बटण दाबलं, निघाल्या. टाकीच्या उतारावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना त्यांनी नेहमीसारखी रेस दिली, आणि इंजिन ओरडलं. त्यांच्या पायाखाली पेडल जेमतेम हललं होतं. फेऱ्यांचा काटा त्याआधीच उठला होता आणि आता तो हवा तिथून पार वर गेला. घरात आपण एकटेच आहोत अशा समजुतीत कुणीतरी मागून बोलावं, तसं झालं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. पुढच्या तबकडीवर, वेगाच्या आकड्याखाली, हिरवा ठिपका पेटलेला होता. शेजारच्या सीटवरून तो स्टिअरिंगच्या आड जातो. त्यांनी बटण दाबलं, ठिपका विझला. इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. ठिपका विझलेलाच. दाबलं, पेटला.

उलटं झालं होतं. गाडी आता सोय बंद ठेवूनच सुरू होत होती, आणि रोज सकाळी ती बंद करायला म्हणून त्या आपल्याच हाताने चालू करत होत्या. मध्ये इंजिन बंद पडलं तरी पुन्हा सुरू होताच न चुकता दाबत होत्या. कधीपासून, हा प्रश्न त्यांना पडला. मग त्या पंखा लावून बसल्या, हवा थंड असतानाही.

स्कूलचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता. स्कूल त्यांचा धाकटा दीर चालवतो. नवरा गेल्यावर स्कूल बंद करू नका, असं सांगणारा तोच. तो चहा ओतत होता.

“भाऊजी, बॅटरी कधी बदलली गाडीची?”

“झाले की एकोणीस दिवस. का, पुन्हा बसली?”

“बॅटरीच बदलली फक्त?”

“हो. म्हणजे…” दीर एकदम खूश झाला. “तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा. वर्कशॉपवाल्याला म्हटलं, आमच्या वहिनी रोज दहादा ते बटण दाबतात, बोट झिजेल त्यांचं. ते पहिल्यापासूनच बंद राहील असं कर. त्याने कॉम्प्युटर लावून पाच मिनिटांत करून दिलं. फुकट! तुमच्या बाजूच्या सनशेडमागे चिठ्ठी पण लावलीये मी.”

ब्रेकबाई सनशेड कधीच पाडत नाहीत. समोरचं झाकलं जातं म्हणून.

“मी दाबतेय ते,” त्या म्हणाल्या. “अजून दाबतेय.”

दिराला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा चहा बशीत सांडला होता.

दोघांनी हजेरीचं पुस्तक उघडलं. एकोणीस दिवसांत सहा शिकाऊ. चौघांचे धडे अजून चालू होते. त्यांचं दुरुस्त करता येणार होतं. पाचव्याने बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली होती; त्याचा प्रश्न नव्हता. सहावी नर्स.

“वहिनी, ती पास झालीये,” दीर हळू म्हणाला. “परवाना हातात आहे. उगाच घाबरवाल पोरीला. घाबरलेला माणूस जास्त ठोकतो, हे तुमचंच वाक्य ना?”

“माझंच.”

“मग?”

“शिंप्यालाही मीच पास केलं होतं,” त्या म्हणाल्या.

शिंपी समोरच बसतो. अकरा वर्षांपूर्वी तो या स्कूलमध्ये शिकला. शिकल्यावर दहाव्या दिवशी टेकडीच्या तिसऱ्या वळणावर त्याने दुसरा गिअर टाकला, क्लच सोडला आणि भाड्याच्या व्हॅनचं ढुंगण फिरून कठड्यावर आपटलं. कठडा तडकला, पण तुटला नाही, म्हणून शिंपी आहे. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. बाईंबद्दल त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. उलट, “बाईंनी मला बसायचा धंदा मिळवून दिला,” असं गिऱ्हाइकांना हसत सांगतो. बाई त्या हसण्याला अकरा वर्षं घाबरतात. त्याचे उताराचे दोन धडे त्यांनी गाळले होते. त्याच्या रेसचा आवाज पहिल्यापासून बरोबर येत होता, म्हणून.

त्या ऑफिसबाहेर आल्या तेव्हा तो मशीनवरून ओरडला, “काय बाई, सकाळी सकाळी भूत बघितलं का?”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि चालत रुग्णालयाकडे निघाल्या. गाडी असताना चालत.

अकरा वाजता नर्सला दहा मिनिटांची सुट्टी असते. कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटांच्या मधल्या बाकावर बाईंनी तिला सगळं सांगितलं. बटण, बॅटरी, चिठ्ठी, हिरवा ठिपका. स्वतःला वगळलं नाही आणि दिराला दोष दिला नाही. नर्सने ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे तो आवाज माझा नव्हता?”

“नव्हता.”

“मी पाय न्यायचे ना पण. नेला की आवाज यायचा.”

“गाडी तुझ्याआधी देत होती. तू दाबलंस की नाही, किती दाबलंस, हे ना तुला कळलं, ना मला.”

“सोळा दिवस?”

“सोळा.”

नर्सने टोपीची पिन काढली, पुन्हा लावली. “मग गाडी चालवत कोण होतं हो, बाई? तुम्ही नाही, मी नाही.” तिचा आवाज चढला नव्हता, पण लावलेली पिन तिने परत काढली. “आणि पाय चांगला आहे म्हणालात. सकाळीच फोन करून आईला सांगितलं मी.”

बाईंनी पर्समधला कागद काढला. “हा मी आज देत नाही म्हटलं, तर?”

“तर उद्या पेटी जाणार नाही. पुढच्या महिन्यात दुसरी कुणीतरी जाईल, आणि ती कायम होईल.” मग तिने सरळ विचारलं, “न शिकता गेले तर काय होईल?”

“बहुतेक काहीच नाही. मान हलेल. पण तिसऱ्या वळणावर झऱ्याचं पाणी असतं आणि वरून खडी येते. तिथे झटका बसला तर मागचं टोक जाईल.”

“शिंप्याचं गेलं तसं?”

तिला माहीत होतं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त बाईंसमोर कुणी बोलत नव्हतं.

“दोनला सुटते मी,” नर्स म्हणाली. “व्हॅनची किल्ली काउंटरवर असते. आपण जाऊन येऊ.”

व्हॅन एकवीस वर्षांची. तिला ओढणारी चाकं मागची, आणि मागे माल नसला की मागचं टोक पिसासारखं हलकं. मधल्या पडद्यापाशी नमुन्यांची रिकामी पेटी. बाई शेजारच्या सीटवर चढल्या, पट्टा लावला आणि सवयीने पाय पुढे केले. पुढे रबरी चटई होती. सत्तावीस वर्षांत शिकाऊच्या शेजारी त्या पहिल्यांदाच पेडलांशिवाय बसल्या होत्या.

चढताना काही प्रश्न आला नाही. वर दवाखान्यासमोर व्हॅन वळवून त्यांनी समजावलं. आधी ब्रेकने वेग कमी कर. मग क्लच, मग गिअर, मग रेस, मग क्लच सोड. रेस हुकली तरी चालेल, पण मग क्लच सोडताना जपून; झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात तसा काढ. आणि चाकं घसरली तर ब्रेकवर चढू नकोस. क्लच परत दाब.

“कळलं?”

“कळलं,” नर्स म्हणाली.

पहिलं वळण. गिअर पडला, रेस आली नाही, पण क्लच हळू सुटला. व्हॅन नुसती कण्हली. दुसरं वळण, रेस जास्त झाली, व्हॅन थोडी पुढे उडी मारून स्थिर झाली. नर्स म्हणाली, “सॉरी.” बाई म्हणाल्या, “मला नको म्हणू, पुढे बघ.”

तिसऱ्या वळणाला कठड्याचा एक भाग बाकीच्यापेक्षा नवा आहे. अकरा वर्षांचा. खाली झाडांचे शेंडे दिसतात, बुंधे दिसत नाहीत. नर्सने ब्रेक लावला, क्लच दाबला, दांडा खाली ओढला. तिचा पाय अ‍ॅक्सिलरेटरकडे गेला की नाही ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. आवाज यायची ती वाट पाहत होती, असं ती म्हणाली. आवाज आला नाही. सोळा दिवसांच्या सवयीने डावा पाय मात्र झटक्यात वर आला. स्कूलच्या गाडीने तिला या चुकीबद्दल एकदाही टोकलं नव्हतं.

व्हॅनला मागून खेचल्यासारखा हिसका बसला. मागची चाकं खडीवर खरखरली, आणि मागचं टोक कठड्याकडे निघालं. वेगात नाही. सावकाश, दार उघडावं तसं. मागे पेटी घसरत जाऊन पत्र्यावर आदळली.

“क्लच! क्लच दाब!”

नर्सने दाबला. चाकं सुटी झाली, दोनदा डुचमळली आणि व्हॅन रस्त्याच्या रेषेत आली. पन्नास पावलांवर डोंगर खणून केलेली थांबायची जागा होती. तिथे ती थांबली. इंजिन बंद पडलं आणि कुणी सुरू केलं नाही. झऱ्याचं पाणी ऐकू येत होतं.

नर्स म्हणाली, “बाई, तुमचे पाय काय करतायत?”

बाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापासून ताठ होते आणि टाचांखाली रबरी चटई सुरकुतली होती. त्या अजूनही ब्रेक दाबत होत्या.

“लागत नाहीये ब्रेक,” त्या म्हणाल्या.

नर्स हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं, मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “परत जाऊ वर. आत्ताच. घरी गेले तर परत बसणार नाही मी.”

व्हॅनमागे जाऊन बाईंनी चाकांचे ओरखडे पाहिले. कठड्यापासूनचं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं. ते किती भरलं हे त्यांनी नर्सला सांगितलं नाही; दिरालाही नाही.

पावणेतीन ते साडेचार या पावणेदोन तासांत व्हॅन तिसऱ्या वळणावरून नऊ वेळा खाली आली. दुसऱ्या खेपेपासून नर्स जिवणी मिटून स्वतःशी मोजत होती: ब्रेक, क्लच, गिअर, रेस, सोड. रुग्णालयात नाडी मोजतात त्या लयीत. पाचव्या खेपेला पहिल्यांदा आवाज बरोबर चढला आणि गिअर बदलल्याचं कळलं नाही. नर्सने चमकून बाजूला पाहिलं.

“हा कुणाचा?”

“तुझा. पुढे बघ.”

बाईंनी पर्समधल्या वहीत हिशेब मांडला. नऊपैकी चार चांगल्या, चार चालतील अशा, एक वाईट. वाईट ती पहिली. पण आठवी ‘चालेल’मध्ये होती आणि सातवीपेक्षा बिघडली होती, पाय थकला की सवय परत येते. याचा अर्थ काय लावायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिंप्याच्या वेळी त्यांच्याकडे आकडेच नव्हते, नुसती खात्री होती.

चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी कार्यालयात कागद दिला. देण्याआधी सहीच्या वर एक ओळ हाताने वाढवली: तिसऱ्या वळणाआधीच्या सपाटीवर व्हॅन थांबवून दुसरा गिअर टाकावा आणि पायथ्यापर्यंत तो बदलू नये. कारकून म्हणाला, “बाई, इथे शेरा लिहायला जागा नाही.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच बारीक लिहिलंय.”

“हे सकाळीच का नाही सांगितलंत?” बाहेर नर्सने विचारलं. “थांबून टाकायचा, संपलं. एवढ्या नऊ खेपा कशाला?”

“एखाद्या दिवशी मागून ट्रक येईल नि तुला थांबता येणार नाही. त्या दिवसासाठी.”

नर्सने मान हलवली. ती फाटकातून आत गेली, किल्ली काउंटरवर ठेवायला.

संध्याकाळी दिराने बटणावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर शाईने लिहिलं: ‘वहिनी, नको.’ बाईंनी पट्टी काढली नाही. हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं. उद्या दुपारी बारा ते पाऊण हा धडा मैदानावर रिव्हर्सचा होता. त्यांनी ‘मैदान’ शब्दावर रेघ मारून ‘टेकडीचा पायथा’ लिहिलं. तिथून सातही वळणं दिसतात. व्हॅन वरच्या दवाखान्यातून बाराला सुटते आणि पायथ्याशी यायला तिला बावीस मिनिटं लागतात.